चाळीस तुकडे, सगळे बिनचूक

आधीच सांगून ठेवतो, माझी पद्धत चुकीची नव्हती. आजही नाही. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं.

आमच्या संस्थेत हॉटेलात नोकरी करू पाहणाऱ्यांना इंग्रजी शिकवतात. पूर्वी हे काम शब्दार्थबाईंकडे होतं. बाईंचं खरं नाव संस्थेत कुणी घेत नाही. रोज दहा शब्द, समोर दहा अर्थ, उद्या पाठ करून या, हा त्यांचा बावीस वर्षांचा खाक्या. त्यांच्या मुलांना शब्द सगळे येत, पण समोर खराखुरा पाहुणा उभा राहिला की दातखीळ बसे.

मी प्राचार्यांना ठणकावून सांगितलं, माणूस सुटे शब्द बोलत नाही, शब्दांचे तयार तुकडे बोलतो. कुठले तुकडे, ते अंदाजाने नाही, मोजून ठरवायचं! त्यासाठी कॉर्पस लागतो, म्हणजे खऱ्याखुऱ्या बोलण्याचा साठा. तो संगणकात घालायचा आणि कोणते शब्द सारखे एकमेकांना चिकटून येतात ते बघायचं. प्राचार्य म्हणाले, घ्या बारा जणांचा वर्ग. समोरच्या हॉटेलला स्वागतकक्षात पाच माणसं हवी आहेत. तुमचं एकही लागलं नाही, तर वर्ग पुन्हा बाईंकडे.

साठाही मी त्याच हॉटेलच्या मॅनेजरांकडून मिळवला. स्वागतकक्षाच्या फोनवरची तीन महिन्यांची संभाषणं. दोन महिने मी घरी ती ऐकून टाइप करत होतो. बायको चहा ठेवून जाई आणि गार झालेला उचलून नेई. शेवटी संगणकाने यादी दिली. सर्वांत जास्त वेळा आलेले चाळीस तुकडे! ते मी वर्गाकडून घोटून घेतले.

महिन्याभरात वर्गाचा कायापालट झाला. विशेषतः मौनीचा. ही मुलगी हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची, म्हणून सगळे तिला मौनी म्हणत. घरात दुसरं कुणी मिळवतं नव्हतं, तिला ही नोकरी हवीच होती. आता ती मान ताठ करून घडाघडा बोलायला लागली. बाईंच्या टेबलासमोरून जाताना मी मुद्दाम शीळ घालायचो.

मुलाखतीच्या दिवशी मॅनेजर म्हणाले, मी पाहुणा आणि तुम्ही स्वागतकक्षात. पहिली मौनी. मी प्राचार्यांशेजारी ऐटीत बसलो होतो. मॅनेजरांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि इंग्रजीत तक्रार केली, की दोन तास झाले तरी माझी खोली तयार नाही.

"धिस इज नॉट ॲक्सेप्टेबल," मौनी म्हणाली.

मॅनेजर गडबडले. आपण दमून आलोय, असं त्यांनी पुन्हा सांगून पाहिलं.

"आय वॉन्ट टू स्पीक टू द मॅनेजर," मौनीने सुनावलं. "राइट नाउ."

स्वर असा करारी, की त्या माणसाची वीस वर्षांची सवय जागी झाली. ते ताडकन उठले, तीनदा सॉरी मॅडम म्हणाले आणि उद्याचा नाश्ता आमच्याकडून असं कबूल करून बसले. मग आपण कोण आहोत ते त्यांना आठवलं.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. फोनवर लांबलचक बोलत होते ते सगळे पाहुणे! कक्षातली माणसं मध्येमध्ये सॉरी सर म्हणण्यापुरती. संगणकाने इमानेइतबारे मोजलं होतं. कोण बोलतंय, ते मीच वेगळं केलं नव्हतं. उरलेल्या अकरा जणांनीही मॅनेजरांना आळीपाळीने झापलं. एकही लागलं नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा बघू, मॅनेजर कपाळ पुसत म्हणाले, पण तोवर यांना माफी मागायला शिकवा.

मी खचलो नाही. प्राचार्यांच्या हातापाया पडून पंधरा दिवस मागून घेतले. पाहुण्यांची वाक्यं वेगळी काढली, नवी यादी केली. पद्धत तीच! सकाळी फळ्यावर पहिला तुकडा लिहीत होतो, तोच मौनी उभी राहिली. मी म्हटलं, बस. ती बसली नाही.

"सर, आय ॲम नॉट हॅपी विथ द सर्व्हिस," ती म्हणाली. "आय वुड लाइक टू स्पीक टू समवन सीनियर."

"म्हणजे कोणाशी?"

"शब्दार्थबाईंशी. पंधराच दिवस आहेत सर. मला ही नोकरी हवीय."

 मला राग आला, वाईटही वाटलं, पण खोटं कशाला बोलू? दोन्ही वाक्यं बिनचूक होती, उच्चार स्वच्छ होते आणि तुकडे बरोबर जागी पडले होते. मी वहीत तिच्या नावापुढे दहापैकी दहा लिहिले आणि बाईंना बोलवायला गेलो.