बारावा पाना

विमान उडवणे अवघड असते, हे सर्वमान्य आहे. ते उडू न देणे त्याहून अवघड असते, हे मात्र गुणाजी राऊतांसारख्या मेकॅनिकलाच ठाऊक असते. अंधेरीकडच्या एका हँगरमध्ये तीस वर्षे घालवल्यावर भांडुपच्या गुणाजींकडे जुन्या उस्तादांच्या बऱ्याच सूचना जमा झाल्या होत्या. त्या कुठल्याही जाडजूड पुस्तकात नसल्यामुळे उपयोगी पडत. खिसे रिकामे करूनच पंखात वाकावे. (पूर्वी एकाची तपकिरीची डबी दिल्लीला जाऊन आली होती.) घाईतल्या साहेबाला चहा द्यावा, विमान देऊ नये. आणि झाकण लावण्याआधी नट-बोल्ट पिळायचे पाने मोजावेत.

पंच्याऐंशीच्या मे महिन्यात, निवृत्तीला आठ दिवस उरले असताना, गुणाजींनी पाने मोजले. बाराऐवजी अकरा भरले.

"नीट मोजलंस मा रे?" त्यांचा जोडीदार लवू शिडीवरून म्हणाला. "तुका आठ दिवसांनी शाल-नारळ गावतलो. कित्याक डोक्याक ताप करून घेतंस?"

ताप होताच. गुणाजींच्या सेवापुस्तिकेत आजवर एकही लाल शेरा नव्हता, आणि विमानाला उशीर करणाऱ्याचा निरोप समारंभ होत नसे (शाल आधीच आणलेली असली तरी). त्यांच्या पत्नी वनमालाबाईंनी समारंभासाठी नवे लुगडे घेऊन ठेवले होते.

एवढ्यात हँगरचे प्रमुख मार्तंड साहेब घाईघाईने आले. "यादीत बाराच्या जागी अकरा लिहा, गुणाजी. मग काही हरवलंच नाही ना!"

उपाय इतका सुटसुटीत होता की तीस वर्षांत तो गुणाजींना सुचला कसा नाही, याचेच नवल. त्यांनी साहेबांसाठी चहा मागवला.

"पाना मिळाल्याशिवाय मी सही नाय करणार, साहेब. काय शेरा मारायचा तो मारा."

साहेबांनी चहा संपवला आणि शेरा मारला. गुणाजींना वाईट वाटले, फार वाईट वाटले. मग ते पुन्हा पंखात वाकले.

तीन तास दहा मिनिटांनी पाना सापडला. विमान वळवणाऱ्या तारेला तो अगदी सलगीने टेकून बसला होता. हवेत पहिल्याच वळणाला अडकला असता.

विमान सुखरूप पोहोचले. उतरल्याबरोबर एकशे अकरा प्रवाशांनी उशिराबद्दल तक्रारवहीत लिहिले. पैकी एकोणसाठ जणांची मागणी होती की अशा कामचुकारांना घरी बसवावे. (ती आठ दिवसांत, कोणत्याही समारंभाशिवाय, पूर्ण करण्यात आली.)

वाचकहो, त्यातली चौथी तक्रार तुमची आहे. अक्षर सुरेख आहे. हात जरासुद्धा थरथरलेला नाही.