अप्पा विमान उतरवतात

आमच्या आळीत गाडी मागे घ्यायची तर ड्रायव्हरला आरसा लागत नाही, अप्पा लागतात. इंजिनाचा आवाज आला की शेजारचे अप्पा दोन लाल बॅटी घेऊन रस्त्यात हजर. मुंबईच्या विमानतळावर जन्मभर अशाच बॅटींनी हातवारे करून त्यांनी विमानं जागेवर उभी केली. ते निवृत्त होऊन श्रीवर्धनला आले, हात मात्र निवृत्त व्हायला तयार नाहीत. मध्यंतरी सुपारीचा टेम्पो त्यांनी थेट माझ्या गटारात घातला. अप्पांनी डोक्यावर हातांची फुली केली होती. फुली म्हणजे थांब.

"मना काय म्हाईत?" ड्रायव्हर म्हणाला. "मना वाटला काका नमस्कार करतान."

अप्पा त्याच्यावरच तापले. "शास्त्र आहे हे. गंमत नाही."

हे वेड जुनं. लहानपणी विमानाची घरघर आली की अप्पा भरल्या पानावरून उठून उष्ट्या हातानं अंगणात धावत आणि परत येऊन वडिलांचा मार खात. व्हायचं होतं पायलट, चष्म्यानं घात केला. मुलगी मुक्ता पायलट झाली तेव्हा त्यांनी घरोघर पेढे वाटले आणि पेढ्याबरोबर विमान हवेत कसं तरंगतं तेही ऐकवलं. पेढा फार लवकर संपायचा.

मुक्ता ड्यूटीवर निघाली की तिची आई, आमची माई, मीठ-मोहरी-मिरच्यांनी तिची दृष्ट काढायची. अप्पा हसायचे. "मोहरीनं विमान उतरत नाही, शास्त्रानं उतरतं."

"तुम्ही विमान उतरवा, मी दृष्ट उतरवते," माई म्हणायची. गेल्या वर्षी माई गेली.

त्यानंतरची ही गोष्ट. कॅप्टन म्हणून मुक्ता पहिल्यांदाच विमान आणणार होती, दक्षिणेकडून मुंबईला, आमच्या डोक्यावरून. नेमका दुपारपासून समुद्र खवळला. आगरदांड्याची फेरीबोट बंद झाली. आळीत दोन रिक्षा समोरासमोर अडकून भांडत होत्या, तरी अप्पा बाहेर आले नाहीत.

तिन्हीसांजेला त्यांची हाक आली. "वसंता, गच्चीवर ये. कुणाशी बोलू नको."

वर शेगडीत निखारे फुलले होते. वारा माणसाला उभं राहू देत नव्हता. तेवढ्यात ढगांच्या वर कुठंतरी घरघर सुरू झाली. विमान काही दिसेना. अप्पांनी दोन्ही मुठींत मीठ-मोहरी-मिरच्या घेतल्या आणि त्या आवाजाला ओवाळायला लागले. ओठ पुटपुटत होते. "वारा आडवा आहे... रनवे ओला... चाकं खाली... हळू, बाळ, हळू..."

मी बघतच राहिलो.

"माईचे शब्द येत नाहीत रे मला," ते म्हणाले. "कधी नीट ऐकलेच नाहीत. हसत बसलो."

मुठी निखाऱ्यांवर उघडल्या. मोहरी तडतडली. मिरच्यांचा ठसका लागला नाही तर समजायचं, दृष्ट लागलीय. हे माईचं शास्त्र. सर्दीनं अप्पांचं नाक बंद होतं, म्हणून ही माझी नेमणूक.

"लागला?"

"नाही."

"नीट बघ."

"नाही हो अप्पा."

त्यांचा चेहरा उतरला. मग एकदम त्यांनी वाऱ्याचा अंदाज घेतला, शेगडीच्या पलीकडे गेले आणि दोन्ही हात हलवत मला पावलापावलानं पुढे घेतलं. किंचित डावीकडे. अजून थोडं. डोक्यावर फुली. मी थांबलो, आणि सगळा धूर माझ्या नाकातोंडात गेला. मी खोकून खोकून खाली बसलो. डोळे माझेही वाहत होते आणि त्यांचेही.

पुढे बराच वेळ अप्पा मांडीवर फोन घेऊन बसून होते. शेवटी फोन वाजला.

"बाबा, उतरले."

"उतरणारच. शास्त्र आहे ते," अप्पा म्हणाले.

मग जिना उतरून ते माईच्या स्वयंपाकघराच्या दारात थांबले. आत दिवा लावलेला नव्हता.

"उतरली गं," ते म्हणाले.