मार्चअखेर म्हातारी संपवणे

या वर्षी मी संकल्प केले नाहीत, उद्दिष्टं ठरवली! संकल्प जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आचके देतात. उद्दिष्टांना तक्ता असतो, तारखा असतात, काम झालं की हिरवी खूण असते.

तक्ता मी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. वजन पाच किलो कमी करणे. चिडचिड कमी करणे. खाली, सहा वर्षं डोक्यात घोळणाऱ्या रहस्यकादंबरीचे टप्पे : 'जानेवारी : म्हातारीचा विश्वास मिळवणे. फेब्रुवारी : विष नक्की करणे. मार्चअखेर म्हातारी संपवणे, काही झालं तरी!'

'कादंबरी' हा शब्द तेवढा लिहायचा राहिला. तक्ता माझाच, मला माहीत होतं की!

फेब्रुवारीत सासूबाई गुडघ्यांना आराम म्हणून आमच्याकडे आल्या. चार दिवस मजेत गेले. पाचव्या दिवशी त्यांनी साखरेचा डबा शोधायला म्हणे ते कपाट उघडलं. हे मला फार उशिरा कळलं. मला दिसलं ते एवढंच, की बाई जेवेनाशा झाल्या.

"आई, सूप घ्या ना. खास तुमच्यासाठी केलंय."

"आधी तू घे."

मी घेतलं. उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तशा त्या दहा मिनिटं माझ्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "भूक नाही."

या वयात अन्न तुटणं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको. त्यात दुपारी त्या खोलीला आतून कडी लावू लागल्या.

"आईला रे काय झालंय?" मी नवऱ्याला विचारलं.

"कळत नाही. सारखं एकच विचारते, मार्च संपायला किती दिवस राहिले?"

म्हाताऱ्या माणसांना आपलं मरण आधी कळतं म्हणतात! भीतीने मी त्यांची जास्तच सेवा करू लागले. मी जितकी गोड वागे, तितक्या त्या भिंतीकडे सरकत.

उद्दिष्टं मात्र थांबत नाहीत. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथल्या मैत्रिणीला संध्याकाळी फोन लावला. "चव न लागणारं काहीतरी सुचव ना! म्हातारीच आहे, फार तडफडायला नको."

मागे काहीतरी धपकन पडलं. दारात काठी होती. सासूबाई नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नणंद बॅग घेऊन हजर! तिने मला स्वयंपाकघरात नेलं आणि कपाट सताड उघडलं.

"वहिनी, हे काय आहे?"

मी तक्ता पहिल्यांदाच दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचला. जानेवारी आणि फेब्रुवारीच्या ओळींपुढे ठसठशीत हिरव्या खुणा होत्या!

"अगं, कादंबरी आहे ती!" मी किंचाळले.

"तू कधीपासून कादंबऱ्या लिहायला लागलीस?" नवरा म्हणाला. बारा वर्षं माझ्याशी संसार केलेल्या त्या माणसाने हातातला सूपचा वाडगा हळूच ओट्यावर ठेवला.

मी धावत जाऊन वही आणली. लिहून झालेली पानं चाळीस. सासूबाईंनी चष्मा लावला. तासभर आम्ही तिघं शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर ताटकळावं तसे बसलो.

"हिचे गुडघे दुखतात?"

"हो... सगळ्याच म्हाताऱ्यांचे दुखतात, आई."

"हं." पान उलटलं. "डाव्या गालावर तीळसुद्धा आहे."

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. शेवटी वही मिटून त्या म्हणाल्या, "बाई इतकी बावळट नाही. न हुंगता सूप पिणार नाही ती. नीट लिही. मी आहे इथे."

आणि त्या राहिल्या! जूनपर्यंत. रोज संध्याकाळी पानं तपासायला काठी टेकत येत, आणि मी निमूट वही पुढे सरकवत असे.

कादंबरी पूर्ण झाली एकदाची. म्हातारी ठणठणीत आहे. एकशे चाळिसाव्या पानावर तिची सून जिन्यावरून पडून मेली. सासूबाई म्हणतात, शेवट अगदी मनासारखा झालाय!