भिवरा म्हशीचा दुसरा टेक

एका जंगलात, मुलांनो, नोकरी करणारी एक म्हैस होती. हसू नका. जंगलातही नोकऱ्या असतात. जिथे वाघ असतो तिथे खाती असतात, आणि जिथे खाती असतात तिथे काम करायला एखादी म्हैस लागतेच.

तिचं नाव भिवरा. पाणवठा खात्यात ती पाळ्या लावायची. सकाळी हरणं, उन्हं चढली की डुकरं, दुपारी हत्ती. वाघमहाराज आले तर ज्याच्या तोंडात जेवढं पाणी असेल तेवढं घेऊन त्याने मागे व्हायचं.

बावीस वर्षं ती हेच सांगत होती. "हरणांनो, उरका. डुकरांनो, रेषेच्या मागे. हत्तीदादा, सोंडेने बुडबुडे काढू नका, मागच्यांना गढूळ पाणी जातं." आवाज असा खणखणीत की पलीकडच्या टेकडीवरची माकडं उगाचच रांगेत उभी राहायची.

तिच्या घरी नवरा होता, हैबती रेडा. स्वभावाने गरीब. एकदा चिखलात बसला की काय कारणाने उठायचं हे त्याला कोणीतरी समजावून सांगावं लागे. मुलगी होती, तेरणा. ती अकरावीत होती, म्हणजे आपल्याला आईवडील आहेत याची लाज वाटायचं वय.

भिवराचं सगळं ठीक चाललं होतं. म्हणजे वेगळं काहीच घडत नव्हतं. मोठ्या माणसांच्या भाषेत त्याला ठीक चाललंय असं म्हणतात.

एके दिवशी पाणवठ्यावर सिनेमावाले आले.

या जंगलात सिनेमाचं भारी वेड होतं. डोंगराच्या पांढऱ्या कातळावर दर रविवारी संध्याकाळी सिनेमा लागायचा, आणि वाघ-शेळी शेजारी बसून बघायचे. मध्यंतरात मात्र शेळ्या घरी जायच्या.

दिग्दर्शक होता हसमुख तरस. मोठा गुणी. फक्त त्याला दुःखाच्या प्रसंगी हसू यायचं. नायक होता मदन काळवीट. तो पाण्यात आपलं प्रतिबिंब बघून विरहाचं भाषण करत होता. भाषण लांबलं. डुकरांची पाळी झाली.

भिवरा सरळ कॅमेऱ्यासमोर गेली. "ओ, तुमचं रडणं झालं असेल तर बाजूला व्हा. मागे डुकरं खोळंबलीत."

"मी विरहात आहे," मदन म्हणाला.

"विरह रेषेच्या मागे उभं राहून करा. विरहाला पाणी लागत नाही."

कॅमेरा चालूच होता. हसमुखने ते सिनेमात तसंच ठेवलं. रविवारी कातळासमोर लोक मदनच्या विरहात जांभया देत होते. भिवरा आली आणि सगळं जंगल हसून लोळलं. मग शिट्ट्या. मग 'वन्स मोअर'. गर्दीत मागे बसलेल्या भिवराला आपलंच तोंड कातळाएवढं दिसलं. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बावीस वर्षांत पाणवठ्यावर हजारो प्राण्यांनी तिचं ऐकलं होतं, पण तिच्याकडे पाहिलं कोणीच नव्हतं.

सोमवारी तिने राजीनामा दिला.

"अगं, पेन्शनला आठ वर्षं राहिलीत," हैबती चिखलातून म्हणाला.

"माहीत आहे. आठ वर्षं म्हणजे डुकरांच्या तीन हजार पाळ्या होतात. मला नाही लावायच्या."

"मग काय करणार?"

"नटी होणार."

हैबतीने यावर बराच विचार केला. "बरं," तो म्हणाला. "पण मग दुपारी जेवायला घरी येशील का?"

तेरणा मात्र रडली. "आई, माझ्या मैत्रिणी बघतील."

"बघण्यासाठीच असतो तो सिनेमा," भिवरा म्हणाली.

ती हसमुखकडे गेली. हसमुख म्हणाला, "भिवराबाई, तुमच्यासाठी रोल तयारच आहे. मदनची आई."

"मदनची? अहो, तो काळवीट, मी म्हैस."

"आई ती आई. प्रेक्षक जात बघत नाही."

"आणि तो माझ्याहून मोठा आहे. त्याच्या शिंगांच्या वळ्या मोजून बघा."

"नायकाच्या वळ्या मोजायच्या नसतात," हसमुख गंभीरपणे म्हणाला. "वळ्या आईच्या मोजतात."

काम तर हवं होतं. भिवरा आई झाली. दोन वर्षांत तिने अकरा सिनेमे केले आणि त्यांतल्या नवांत ती मेली. खोकून मेली, वाट बघून मेली, मुलाला परीक्षेत पहिला नंबर मिळाल्याच्या आनंदाने मेली. एका सिनेमात ती नावं झळकण्याच्या आधीच मेली होती, त्यात तिचा फक्त हार घातलेला फोटो होता. फोटोला चेहरा जिवंत हवा म्हणून हसमुखने तिलाच चौकटीत उभं केलं. तिसऱ्या टेकला तिला भूक लागली आणि तिने हार खाल्ला. त्या दिवशी तिला पहिल्यांदाच बोलणी बसली.

घरी येऊन ती खोकली तरी हैबती दचकायचा.

अकराव्या मरणानंतर, म्हणजे खरं तर नवव्या, भिवराच्या मनाने घेतलं की आता आपण आपलाच सिनेमा काढायचा. गोष्ट तिच्याकडे होती. एक म्हैस. वय झालेलं. एके दिवशी ती पूर आलेली काळी नदी पोहून पलीकडे जाते. बस्स.

ती अजगरशेठकडे गेली. जंगलातल्या सगळ्या सिनेमांना अजगरशेठच हातभार लावायचा. त्याला हात नव्हते, पण म्हणायची पद्धत तशी होती.

"म्हैस पलीकडे का जाते?" अजगरशेठने विचारलं. "मुलगा पलीकडे अडकलाय का?"

"नाही."

"नवरा बुडतोय?"

"नवरा घरी आहे. चिखलात."

"मग पलीकडे आहे तरी काय?"

"काही नाही. तिला पोहायला आवडतं."

अजगरशेठ बराच वेळ वेटोळं सोडवत बसला. "ही गोष्ट पचायची नाही, बाई," तो शेवटी म्हणाला. "मी आख्खं डुक्कर पचवतो, पण ही नाही पचायची. एक मुलगा घाला. छोटासा चालेल."

भिवराने मुलगा घातला नाही. तिने घरामागची कडब्याची गंजी काढली. म्हातारपणासाठी वर्षानुवर्षं रचलेली, घराहून उंच गंजी होती ती. सिनेमावाल्यांना निर्माता म्हणजे जेवण, एवढंच कळतं. गंजी बघून हसमुख आला, कॅमेरावाला वानर आला, आणि ज्यांचं काहीच काम नव्हतं असे सतराजण आले. त्यांतले पाच मांसाहारी होते. त्यांची वेगळी सोय करताना भिवराला फार जपून राहावं लागे.

हैबतीला गंजी सिनेमात जाणार हे कळलं तेव्हा तो आपणहून चिखलातून उठला. गंजीभोवती एक चक्कर मारली. भिवराला वाटलं, आता हा बोलणार.

"या बाजूचा कडबा आधी काढा," तो म्हणाला. "तिकडे ओल लागली आहे."

एवढंच बोलून तो परत बसला. भिवराने त्या दिवशी स्वयंपाकघरात तोंड लपवून थोडं रडून घेतलं. तेव्हा ती कोणाची आई नव्हती आणि कॅमेराही नव्हता, त्यामुळे ते रडणं साधंच आलं.

शूटिंग सुरू झालं. मुलांनो, एकाच अंगात नटी आणि निर्माती राहायला लागल्या की त्या अंगाचे फार हाल होतात. भिवरा डोळ्यांत पाणी आणून नदीकडे बघायची आणि तेवढ्यात तिला आठवायचं की वानराचा चहा राहिलाय. नटी म्हणायची, आणखी एक टेक हवा. निर्माती म्हणायची, ऊन उतरतंय, आहे तो गोड मान. हसमुखला कोणाचं ऐकावं कळेना. तो नुसता हसायचा.

मग शेवटचा दिवस आला. काळी नदी तुडुंब भरली होती. लाल पाणी, मध्ये भोवरा, वाहत आलेली झाडं.

हसमुखने पाणी बघितलं आणि त्याला खो खो हसू आलं. तेव्हा सगळ्यांना कळलं की प्रसंग गंभीर आहे.

"भिवराबाई, तुम्ही राहू द्या. तेरणाला पाठवू. तरणी आहे, अंगाने तुमच्यासारखीच आहे. लांबून काय कळतंय?"

तेरणा काठावर उभी होती. मैत्रिणींना न सांगता ती रोज शूटिंग बघायला यायची. "मी जाते, आई," ती म्हणाली. पण पाण्याकडे बघून ती एक पाऊल मागे सरली.

भिवराने तिच्याकडे बघितलं. मग नदीकडे. "नको. तुला पोहायला आवडत नाही. आणि ज्याला पोहायला आवडत नाही त्याने ही नदी पार केली, तर गोष्टच बदलेल."

हैबती डबा घेऊन आला होता. "पोहशील?" त्याने विचारलं.

"म्हैस आहे मी, अहो."

"तसं नाही. परवा गुडघा दुखत होता तुझा."

"पाण्यात गुडघा दुखत नाही."

ती उतरली.

पहिल्या वीस हातांत तिला कळलं की सिनेमात मरणं वेगळं आणि हे वेगळं. पाण्याने तिला ओढून खाली नेलं. एक बाभळीचं खोड अंगाला घासून गेलं. तिने नाक वर धरलं, भोवरा डावीकडे ठेवला आणि पाय मारत राहिली. चहा आठवला नाही. ऊन आठवलं नाही. कॅमेऱ्याकडे पाठ होती, त्यामुळे चेहरा कसा दिसतोय याचीही काळजी नव्हती. मध्यावर तिला जाणवलं की आपण घाबरलो आहोत, आणि त्याच वेळी फार खूशही आहोत. हे दोन्ही एकदम होऊ शकतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

ती पलीकडे पोचली. काठावर चढली. तिथे कोणी नव्हतं. पाळी नव्हती, रेषा नव्हती. तिने थोडं गवत खाल्लं. मग नुसती उभी राहिली. अंगावरून पाणी निथळत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला पुढे काय करायचं आहे हे आठवत नव्हतं.

तेवढ्यात अलीकडून हसण्याचा आवाज आला. खो खो, थांबतच नव्हता. भिवराने वळून बघितलं.

"भिवराबाई," हसमुख ओरडला. "शॉट झाला नाही. वानराने कॅमेऱ्यावर झाकलेलं पळसाचं पान काढलंच नव्हतं."

तसंही तिला घरी यायचं होतंच. ती परत उतरली आणि पोहून अलीकडे आली. या वेळी पान काढलेलं होतं. सगळं टिपलं गेलं. आणि येताना तिचं तोंड कॅमेऱ्याकडे होतं, त्यामुळे चेहरा दिसला: दमलेला, ओला, आणि आतून उजळलेला.

"याहून सुंदर चेहरा मी टिपलेला नाही," हसमुख म्हणाला. तो हसत नव्हता.

"पण ही मी येतेय," भिवरा म्हणाली. "गोष्ट जाण्याची आहे. आणखी एक टेक घेऊ. जातानाचा."

मग ती स्वतःच गप्प झाली. कारण गंजी संपली होती, ऊन उतरलं होतं, आणि सतराजण जेवून घरी गेले होते. निर्मातीने नटीला नाही म्हटलं.

रविवारी संध्याकाळी कातळावर सिनेमा लागला. म्हैस घरातून निघते. म्हैस नदीकडे बघते. म्हैस पुरातून पोहत पोहत परत येते. समाप्त.

मग जंगलभर हुंदके सुरू झाले. रानडुक्कर रडलं. गवा रडला. अजगरशेठच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळे नवरे शेजारी बसलेल्या बायकांना कोपराने ढोसून म्हणत होते, "बघ. शेवटी घरच."

फक्त हैबती शेजारच्या गव्याला म्हणाला, "ती आधी गेली होती हो. हा दुसरा टेक आहे."

"गप्प बसा," गवा डोळे पुसत म्हणाला. "तुम्हाला सिनेमातलं काही कळत नाही."

वाघमहाराजांनी भिवराला मंचावर बोलावून 'वनमाता' पुरस्कार दिला. "आजकालच्या बायका घर सोडायचं म्हणतात," महाराज म्हणाले. "पण या म्हशीने पुराला न जुमानता घर गाठलं. असे सिनेमे घराघरांत दाखवले पाहिजेत."

भिवराने सांगायला तोंड उघडलं. समोर सगळं जंगल होतं, मागे वाघ होता. अकरा सिनेमांच्या अनुभवावर तिने मान खाली घातली आणि डोळ्यांच्या कडा ओल्या केल्या. टाळ्यांनी कातळ हादरला. त्या जंगलात इतका चांगला अभिनय नंतर कोणी केला नाही.

महाराजांच्या हुकमाने सिनेमा सगळीकडे दाखवला गेला. नवरे आपल्या बायकांना हाताला धरून घेऊन गेले. एकेकीला तीन तीनदा दाखवला. नवऱ्यांनी शेवट बघितला. बायकांनी पोहणं बघितलं.

पुढच्या महिन्यात काळ्या नदीच्या काठावर सकाळच्या वेळी गर्दी दिसू लागली. चार म्हशी, एक प्रौढ सांबरीण, आणि तीस वर्षं अंगणवाडीत शिकवलेली एक हत्तीण. भिवरा त्यांना भोवरा कुठे असतो ते दाखवत होती. तेरणा मैत्रिणींना घेऊन आली होती आणि "ती पाण्यातली माझी आई" असं न विचारताच सांगत होती.

"पण पलीकडे आहे काय, भिवराबाई?" हत्तिणीने पाय बुडवता बुडवता विचारलं.

"काही नाही," भिवरा म्हणाली. "गवत जरा बरं आहे."

आणि हत्तीण पाण्यात उतरली.

तात्पर्य: उतारवयात बाईने नोकरी, घर, लोकलाज सगळं सोडून हवं तिकडे खुशाल जावं. चित्रीकरण मात्र परतीच्या वाटेचं करावं.