दावणीला बांधलेली फटफटी

शंकर आपली फटफटी संध्याकाळी गोठ्यात नेऊन दाव्यानं बांधत असे. पुढच्या चाकातून दावं ओवायचं, खुंट्याला गाठ मारायची आणि गाठ एकदा ओढून पाहायची. शेजारच्या खुंट्याला त्याच्या वडिलांचा हरण्या बैल असे. परगावच्या माणसाला वाटे, हा बंदोबस्त चोरांसाठी असेल. पण गावात फटफटी चालवता येणारा दुसरा माणूसच नव्हता. चोराला ती खांद्यावर टाकून न्यावी लागली असती. मी एकदा त्याला कारण विचारलं.

"मोकळं सोडलं तर कुठं जाईल, भरवसा न्हाई," तो म्हणाला.

असली वाक्यं बोलताना शंकर हसत नसे, हीच त्याची अडचण होती.

आमचं गाव येरळा नदीच्या काठावर, विट्याच्या अलीकडं. तेव्हा आमचा तालुका सातारा जिल्ह्यात होता आणि सांगली हे वेगळं संस्थान होतं. कोर्टाच्या तारखेला सातारा आणि बाजाराला सांगली, अशी गावाची वाटणी. शंकरचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच भिंत, आणि भिंतीपलीकडं त्यांचा गोठा. पुढं जे सांगतो आहे त्यातलं काही मी पाहिलेलं आहे आणि बरंचसं त्या भिंतीतून ऐकलेलं आहे.

फटफटी म्हणजे लढाईनंतर लष्करानं लिलावात काढलेली, हिरव्या रंगाची, विलायती बनावटीची मोटरसायकल. शंकर लढाईत डिस्पॅच रायडर होता, म्हणजे एका छावणीचे कागद दुसऱ्या छावणीला मोटरसायकलवरून पोचवणं हे त्याचं काम. लिबियाच्या वाळूत आणि इटलीच्या चिखलात त्यानं ते केलं. लष्करातून सुटून आला तो पुण्याहून फटफटीवर बसूनच. त्या दिवसांत मोटारीचा आवाज म्हणजे भूमिगतांना शोधणारे पोलीस, हे गावानं गृहीत धरलेलं होतं. आवाज वेशीत आला तेव्हा निम्मा गाव उसात होता. चावडीपुढं शंकरनं इंजिन बंद केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि मोकळ्या गल्लीकडं बघून विचारलं, "का वं, समदी मेली का काय?"

फटफटीविषयी बोलताना तो बैलाचीच भाषा वापरी. पेट्रोल म्हणजे पेंड आणि रॉकेल म्हणजे कडबा. लढाई संपली तरी पेट्रोल कुपनावरच मिळे, कुपनं संपली की तो टाकीत रॉकेल मिसळी आणि सांगे, "कडब्यावर काढायलोय सध्या. जनावर खंगलं हो." चढ आला की जीभ टाळूला लावून चक् चक् करी. थांबायचं असलं की ब्रेक दाबता दाबता "हो हो हो" म्हणे. एकदा विट्याच्या उतारावर ब्रेकची तार तुटली. फटफटी एका पानाच्या टपरीत शिरून थांबली. टपरीवाला ओरडायला लागला, तर शंकरनं त्यालाच दटावलं, "गप, बुजंल!"

एकदा गावचे तलाठी त्याच्या मागं बसून सांगलीला निघाले. तासगावच्या अलीकडं एका विहिरीशी शंकरनं फटफटी लिंबाखाली उभी केली, बादली शेंदली आणि ती पुढच्या चाकासमोर ठेवली. तलाठी शिकलेले गृहस्थ होते.

"आवं शंकरराव, ह्याला पाणी लागत न्हाई."

"लागत न्हाई, ठावं हाय," शंकर म्हणाला. "पर इचारायला काय जातंय?"

तलाठ्यांनी परतीचा प्रवास सर्व्हिस मोटारीनं केला.

हे वेड एका माणसाचं नव्हतं, त्या घराचंच होतं. शंकरचे वडील, ज्यांना सगळा गाव तात्या म्हणे, बैलगाडीच्या शर्यतीचे नावाजलेले गडी. शर्यतीची गाडी म्हणजे छकडी. हलकी, दोन चाकांची, एका माणसापुरती. हरण्या आणि पाखऱ्या ही त्यांची जोडी. जत्रेत ती उभी राहिली की बाकीचे गाडीवान आपसात दुसऱ्या नंबराची चर्चा करीत. शंकरला तात्यांनी लहानपणापासून कासरा धरायला शिकवला. येरळेचं पात्र उन्हाळ्यात कोरडं पडे. तिथं आम्ही पोरं बाभळीच्या फांद्यांच्या गाड्यांना वासरं जुंपून शर्यती लावायचो. नंबर काढायला तात्या स्वतः येऊन वाळूत उकिडवे बसत. बक्षीस म्हणून खोबऱ्याचा तुकडा असे. तो बहुधा शंकरला मिळे. त्यावर तात्या त्याला एवढंच म्हणत, "वळणाला कासरा उशिरा सोडलास." शाबासकी म्हणून ते कधी दुसरं काही बोलल्याचं मला आठवत नाही.

तात्यांचं अंग सुटल्यावर छकडी शंकर हाकू लागला. मग लढाई लागली. साताऱ्याला भरती सुरू झाली आणि तिथं मैदानावर शंकरनं पहिल्यांदा मोटरसायकल पाहिली. "एकदा हात लावून बघितला, गड्या, मग पायच हालंनात," हे त्याचं स्पष्टीकरण. जत्रेच्या आदल्या दिवशी घरात कोणाला न सांगता तो साताऱ्याला गेला आणि भरती झाला.

दुसऱ्या दिवशी जोडी उभी करायची होती. तात्या कोणाचं ऐकणारे नव्हते. ते स्वतः छकडीवर बसले. वळणावर छकडी उलटली. पाखऱ्याचा पाय मोडला आणि त्या पावसाळ्यात तो गेला. तात्यांचा डावा पाय तेव्हापासून गुडघ्यात वाकत नसे.

हे शंकरला परत येईपर्यंत कोणी कळवलं नव्हतं. चावडीवरून तो घरी आला, आईच्या पाया पडला, आणि गोठ्यात डोकावला. तात्या हरण्याच्या पाठीवरून हात फिरवत उभे होते.

"तात्या, पाखऱ्या कुठाय?"

तात्यांनी मान वळवली नाही. "हरण्या," ते म्हणाले, "सांग त्याला."

त्या दिवसापासून तात्या मुलाशी बोलायचे ते हरण्यामार्फत. "हरण्या, जेवायला वाढलंय म्हणं." "हरण्या, रानात पाणी सोडायचंय, कुणाला येळ आसंल तर." शंकरही बैलाकडं बघूनच उत्तर देई, "व्हय म्हणावं." हरण्या रवंथ करी. शंकरच्या आईला आम्ही जिजी म्हणत असू, ती कधी तरी वैतागून ओरडे, "आवं, बैल कटाळला तुमचं ऐकून! पोराशी बोला की!" त्यावर तात्या हरण्याला सांगत, "बायकांचं मनावर घेऊ नगं."

शंकरनं पाखऱ्याच्या रिकाम्या खुंट्याला फटफटी बांधली ती परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी. तिला पाखऱ्याचंच नाव दिलं. मग तो तिला एकेक दागिना चढवू लागला. लष्करी रंग खरवडून त्यानं ती पांढरी केली आणि तिच्यावर करडे ठिपके काढले; पाखऱ्याच्या अंगावर होते त्याच जागी, असं जुनी माणसं म्हणत. हँडलच्या दोन्ही टोकांना शिंगांच्या पितळी शेंब्या बसवल्या, दिव्याखाली घुंगरमाळ आणि बसायच्या जागेवर घोंगड्याची घडी. विट्याच्या बाजारात लोक भोवती जमत आणि हसत. शंकर फक्त म्हणे, "हात लावा, पर मागनं जाऊ नगा."

मग त्यानं साइडकार करायला घेतली. गोठ्यामागं उलटलेली छकडी तशीच पडून होती. तिची बाभळीची लाकडं सोडवून, सुताराला हाताशी धरून, एक चाक आणि लोखंडी पट्ट्या लावून त्यानं फटफटीच्या डाव्या अंगाला एक बसायची जागा जोडली. तात्या ओसरीवरून बघत होते. "हरण्या," ते म्हणाले, "जळण म्हणून तरी चांगलं लाकूड हुतं."

पहिली चाचणी आमच्या खळ्यावर झाली. जोडणीत काही तरी चुकलं होतं. फटफटी डावीकडं ओढू लागली आणि थांबायला तयार होईना. शंकर "हो हो" करीत खळ्याभोवती गोल गोल फिरत राहिला. बांधावरून कोणी तरी ओरडलं, "आरं, मळणीची सवय हाय त्याला! खाली कणसं टाका!"

जोडणी पुढं सुधारली. पण त्या छकडीत शंकर कोणाला बसू देत नसे. कोणी पाय ठेवला की म्हणे, "उतर. ती जागा बोललेली हाय." तिच्या तळाशी पुढच्या अंगाला एक लांब फळी होती. न वाकणारा पाय पसरून ठेवता येईल अशी, आणि तिच्यावर गोधडीचा तुकडा ठोकलेला. जागा कोणाची आहे हे गावाला कळलं होतं. ज्याला कळायचं होतं तो तिच्याकडं बघत नव्हता.

दुसऱ्या वर्षीचा बेंदूर आला. आषाढातला हा बैलांचा सण. आदल्या दिवशी हळद आणि तेल लावून बैलांचे खांदे मळतात. सणाच्या दिवशी शिंगांना हिंगूळ, म्हणजे लाल रंग, लावतात, पुरणपोळी चारतात, आणि संध्याकाळी वेशीत बांधलेल्या तोरणाखालून मिरवणुकीनं नेतात. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. कितीही अडलेलं काम असो, जनावर जुंपायचं नाही.

खांदेमळणीच्या दिवशी शंकरनं चावडीवर जाऊन विचारलं, पाखऱ्याला मिरवणुकीत घेता का? सगळे एकदमच बोलू लागले. पोरांचा होकार होता. म्हाताऱ्यांचं म्हणणं, बैल बुजतील. एकानं विचारलं, पोळी चारायची कुठं, दिव्यात का टाकीत? शेवटी पाटील तात्यांकडं वळले. "तात्या, बैलातलं तुमाला जास्त कळतं. तुमी म्हनशीला तसं."

तात्या काठीवर हनुवटी टेकून बसले होते. हरण्या तिथं नव्हता, त्यामुळं ते जमिनीशी बोलले.

"पत्र्याला बेंदूर कसला?"

विषय तिथं संपला.

त्याच संध्याकाळी शंकर खांदेमळणीचं उरलेलं तेल साखळीला लावत होता. मला म्हणाला, "सांगलीत एका गॅरेजात जागा हाय. मिस्त्रीचं काम. उद्या सकाळी निघतो."

"सणाच्या दिवशी?"

"माझा कसला सण?"

मी विचारलं, एवढे दिवस हे शेंब्या-घुंगरांचं सगळं कशासाठी केलं मग. त्यानं तेलाचा बोळा खाली ठेवला.

"मी काय येडा हाय व्हय? लोखंड हाय हे मला ठावं न्हाई? लढाईत कुणी घुंगरू बांधला हुता?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "तात्या माझ्याकडं बघत न्हाईत, गड्या. पर दावणीला जनावर आसलं की त्याच्याकडं बघितल्याबिगर त्यास्नी ऱ्हावत न्हाई. म्हटलं, जनावर करू."

सकाळी तो निघाला. लष्करातली पत्र्याची पेटी त्यानं छकडीत ठेवली. त्या जागेवर काही ठेवलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. जिजी उंबऱ्यात पदर तोंडाला लावून उभी होती. अंगणात तात्या हरण्याचं शिंग रंगवत होते. शेजारी वाटीत हिंगूळ होता. शंकर आईच्या पाया पडला, तात्यांच्या बाजूला दोन पावलं गेला, थांबला आणि परत फिरला. दावं सोडून त्यानं फटफटी अंगणात आणली आणि पाय किकवर ठेवला.

"हरण्या," तात्या म्हणाले.

शंकरचा पाय तसाच राहिला.

तात्या शिंगाला रंग लावत होते. एकदा लावलेल्या जागेवरच पुन्हा लावत होते. "हरण्या, सांग त्याला. आज बेंदूर हाय. जनावराला आज जुंपत न्हाईत."

जिजीनं पदर तोंडावरून काढला. शंकरनं पाय खाली घेतला, फटफटी मागं ढकलत गोठ्यात नेली आणि खुंट्याला बांधली. तात्या हिंगुळाची वाटी आणि काठी सांभाळत त्याच्या मागोमाग आत गेले. बाहेर आले तेव्हा वाटी रिकामी होती. हँडलच्या दोन्ही बाजू लाल झाल्या होत्या. शेंब्या मात्र नीट पुसून घेतलेल्या.

संध्याकाळी मिरवणुकीत पाखऱ्या सर्वांत शेवटी होता. इंजिन बंद, शंकर कासऱ्यासारखं दावं धरून ओढत होता आणि पोरं मागून ढकलत होती. बैल बुजले नाहीत. पोळी दिव्यापुढं धरली गेली आणि मग शंकरनंच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या नवा पटका बांधून गोठ्यात आले. छकडीतली पेटी त्यांनी काठीनं ढोसली. शंकरनं ती उचलून बाजूला ठेवली. तात्या कण्हत, कोणाचा हात न धरता आत बसले. डावा पाय त्यांनी फळीवर पसरला आणि गोधडीचा तुकडा हातानं चाचपून पाहिला.

"हरण्या," ते म्हणाले, "आज बेंदूर न्हाई."

शंकरनं किक मारली. चक् चक् केलं. धुराचा एक लोट गोठ्यात राहिला आणि फटफटी गल्लीतून शर्यतीच्या मैदानाच्या दिशेनं गेली. तिच्या आवाजाच्याही वर तात्यांचा आवाज आमच्या अंगणापर्यंत स्पष्ट ऐकू आला.

"शंकऱ्या! वळण आलं! कासरा सोड रं आधी, कासरा सोड!"

हरण्या तेव्हा गोठ्यात होता, कडबा खात.