अण्णांची चारची लाँच

अर्णव आणि ईरा,

परवा तुम्ही दोघांनी तक्रार केलीत की, तिकडची रात्रीची जेवणं आटोपून तुम्ही फोन करता आणि आजी नेमकी तेव्हाच उचलत नाही. त्या वेळी इकडे दुपारचे चार वाजलेले असतात आणि आजी लाँचमध्ये बसलेली असते. ही लाँच शेजारच्या अण्णा म्हात्रेंच्या ओटीवर आहे. तोंडी सांगायला गेले तर तुम्ही मध्येच हसाल आणि पुढचं राहून जाईल, म्हणून लिहून कळवते.

अण्णांनी सगळी नोकरी रेवसच्या धक्क्यावर काढली. भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचची तिकिटं ते खिडकीत बसून देत. निवृत्त होऊन किहीमला आले, पण खिडकी त्यांच्यातून काही गेली नाही. शाळकरी मुलांनी घरबसल्या पाहावेत म्हणून टीव्हीवर रोज चारला माहितीपट लागतात. करोनात शाळा बंद होत्या त्या वर्षी ते सुरू झाले. घरोघरी टीव्ही आहे, तरी आळीतली पोरं अण्णांच्या ओटीवर येतात. तिथे माहितीपट लागत नाही, सुटतो.

चारला दोन-तीन मिनिटं असताना अण्णा पितळी घंटा वाजवतात. पायरीवर आडवा बाक टाकलेला असतो, तेच फाटक. तिथे उभे राहून ते हात पुढे करतात.

"तिकीट?"

"अण्णा, शहामृगाला उडता येत नाही."

"जा पुढं. तुझं?"

काल पाहिलेल्यातली एक गोष्ट सांगायची, हेच तिकीट. मी माझ्या पहिल्याच तिकिटाला, इतकी वर्षं कॉलेजात शिकवल्याच्या थाटात, झाडाची पानं अन्न कशी तयार करतात ते सविस्तर सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वैनी, फार मोठी नोट हाय. सुट्टं द्या."

"पानं उन्हात स्वयंपाक करतात," मी म्हटलं.

"जा पुढं."

आत बसायचंही मनाला येईल तसं नाही. ओटी सिमेंटची आहे, पण सगळे उजवीकडे बसले की अण्णा अस्वस्थ होतात. "वैनी, तुमी डावीकडं या. कलंडंल." मी सरकते. माझ्या वजनाचा असा उघड उल्लेख दुसऱ्या कुणी केलेला मी चालवून घेतला नसता.

चार वाजले की बाक सरकवून वाट पुरती बंद होते. "सुटली म्हंजे सुटली," असं अण्णा जाहीर करतात. मग आलेल्याला आत घेत नाहीत. आमची कोळीण भारती म्हावरं विकून येते, तिला रोज उशीर होतो. ती टोपली खाली ठेवून कठड्याबाहेरून बघते. "बघा बघा, रेवसला पन यांनी असंच माझ्या सासूला धक्क्यावरच ठेवलंन," असं ती मोठ्याने म्हणते. अण्णांना ऐकू येतं. ते मान वळवत नाहीत.

मध्येच वीज गेली की ते म्हणतात, "ओहोटी लागलीय. कुनी उतरायचं न्हाय." आणि कुणी उतरत नाही. बर्फाळ प्रदेशावरचा माहितीपट होता तेव्हा त्यांनी भर मे महिन्यात सगळ्यांना शाली आणायला सांगितल्या होत्या. आम्ही आणल्या. वाघाजवळ गेलेला निवेदक कुजबुजायला लागला तेव्हा त्यांनी त्यालाच दटावलं, "मोठ्यानं बोला, मागच्यांना ऐकू येत न्हाय."

फोन मात्र सगळ्यांनी फाटकापाशीच्या टोपलीत टाकायचे. तुमचा फोन मी उचलत नाही तो यामुळे. अण्णांचा स्वतःचा फोन तेवढा टीव्हीशेजारी उताणा ठेवलेला असतो. मला ते खटकलं. नियम सगळ्यांना सारखा हवा, असं मी बोलून दाखवलं.

"वैनी, कप्तानाचा वायरलेस टोपलीत टाकतात काय?"

सगळे हसले. निघताना भारतीने मला फणसाखाली थांबवलं.

"वैनी, त्यांच्या फोनाचं काय बोलू नका. ती नागपूरची नात हाय ना, मिताली, तिच्या फोनाची वाट बघतान ते."

तिच्याकडूनच कळलं. शाळा बंद होत्या तेव्हा मितालीला बाईंनी हे माहितीपट बघायला सांगितले होते. ते संपले की ती आजोबांना फोन करायची. गांडुळाला डोळे असतात का, असं तिने पहिल्यांदा विचारलं तेव्हा अण्णांना उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकही चुकवला नाही. पुढे शाळा उघडल्या, मिताली मोठी झाली, क्लासला जायला लागली. फोन आधी विरळ झाले, मग बंदच पडले. चार वाजता घरात एकट्याने बसणं जड जाऊ लागलं, तेव्हा अण्णांनी टीव्ही ओटीवर आणला.

"तुम्हीच का नाही करत तिला?" मी एकदा विचारलं.

"तिचा क्लास असतो. आनि उतारूनं खिडकीशी यायचं असतं, वैनी. खिडकी उतारूच्या घरी जात न्हाय."

गेल्या आठवड्यात मधमाश्यांचा माहितीपट चालू होता. राणीमाशी पोळ्यातून बाहेर पडणार, एवढ्यात टीव्हीशेजारचा फोन वाजला. अण्णांनी पडद्यावरचं नाव पाहिलं, उठले आणि टीव्हीच बंद केला.

मुलं पडद्याकडून अण्णांकडे वळली. एक जण हळूच म्हणाला, "अण्णा, लाँच?"

"थांबलीय," म्हणत ते विहिरीकडे गेले.

विहीर ओटीपासून फार लांब नाही आणि अण्णांचा आवाज धक्क्यावर कमावलेला. आम्हाला सगळं ऐकू येत होतं. मितालीचा दुसऱ्या दिवशी पेपर होता आणि हृदयाचा धडा तिच्या काही केल्या डोक्यात शिरत नव्हता.

"रडतेस कशाला? आपला रेवसचा धक्का आठव. चार खोल्या हायत. उतारू या बाजूनं येनार, त्या बाजूनं जानार. झडप म्हंजे फाटक. एकदा फाटकाच्या आत गेलेलं रगत मागं फिरत न्हाय. फाटक ढिलं पडलं की गर्दी, मग गोंधळ. कळलं?... न्हाय ना? मग परत सांगतो. मला घाई न्हाय."

त्यांनी ते परत सांगितलं. मग आणखी एकदा. मग तिने काही विचारलं असावं. अण्णा म्हणाले, "चारचा माहितीपट? बघतो तर. रोज बघतो. तू कवापन विचार."

ते ओटीवर आले तेव्हा मधमाश्या कधीच संपल्या होत्या. राणीमाशी कुठे गेली ते आम्हाला अजून ठाऊक नाही. पण एकाही मुलाने तक्रार केली नाही. कठड्याबाहेरून भारती म्हणाली, "काय अण्णा, आज लाँच कुठं लागली म्हनायची?"

अण्णांनी फोन पुन्हा टीव्हीशेजारी ठेवला, उताणा. फाटकाचा बाक बाजूला केला.

"नागपूरला," ते म्हणाले.

मितालीचा पेपर चांगला गेला. तिचा फोन रोज येत नाही. चारची लाँच मात्र रोज सुटते. बाक आहे, घंटा आहे, तिकीट अजून लागतं. काल मी अण्णांना तुमच्याबद्दल सांगितलं, तुमचा फोन कधी येतो तेही सांगितलं. त्यांनी टोपलीतून माझा फोन काढला. टीव्हीशेजारी आता दोन फोन उताणे असतात.

तुमची,
आजी