एक्केधारकाची प्रतिष्ठा

मनुष्याच्या हाती उत्तम वस्तू आली की त्याच्या बुद्धीस विश्रांती घेण्याचा अधिकार प्राप्त होतो. उरुग्वेतल्या आमच्या साल्टो गावातील नदीकाठच्या क्लबाने हे तत्त्व केवळ मान्य केले असे नव्हे, तर नियमावलीत समाविष्ट केले आहे.

आमच्याकडे पत्त्यांचा ओमाहा खेळतात. प्रत्येकाच्या हाती चार पत्ते, मध्यावर सर्वांचे मिळून पाच; हातातले दोनच आणि मधले तीनच घेऊन डाव सिद्ध करायचा. पैज मध्यावर जमलेल्या राशीहून मोठी लावता येत नाही. (ही मर्यादा उतावीळ मंडळींच्या रक्षणार्थ असून त्यांनी तिचा लाभ अद्याप घेतलेला नाही.) चारांत दोन एक्के येणे हा आरंभीचा सर्वोच्च सन्मान होय. पुढे मधले पत्ते उघडू लागले की त्या सन्मानाचे काय करावे, याविषयी शास्त्र मौन पाळते.

ही उणीव भरून काढण्यासाठी क्लबात एक्केधारक-गाऱ्हाणे मंडळ स्थापन झाले. दोन एक्के असूनही हरलेल्या सभासदाने उभे राहून आपली व्यथा सांगावी आणि इतरांनी ती मान खाली घालून ऐकावी, असा दंडक आहे. अकरा वर्षांत तीनशे शहाऐंशी गाऱ्हाणी आली. सर्वच प्रकरणांत तक्रारदार निर्दोष ठरला. (मंडळाचे पाचही सदस्य मूळचे तक्रारदार आहेत.)

त्यांपैकी दोनशे अकरा गाऱ्हाण्यांत आरोपी एकच: निवृत्त शिक्षिका डोन्या सुल्मा एचेवेरी. (आमच्याकडे डोन्या म्हणजे बाई आणि डॉन म्हणजे राव.) आमच्याकडच्या रीतीप्रमाणे बाईंच्या डाव्या काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि त्याच हातात कडू हिरव्या चहाने भरलेला, वाळक्या भोपळ्याचा पेला असतो. उरलेल्या उजव्या हाताने त्या समोरच्याने लावल्या तेवढ्याच पैजेच्या सोंगट्या पुढे सारतात. पैज वाढवत कधी नाहीत. वर्षातून दोन-तीनदा मात्र त्या थर्मास टेबलावर ठेवतात. तेव्हा शहाणा मनुष्य डाव सोडून पत्ते मिटतो.

यंदा ईस्टरच्या आठवड्यात राजधानी माँटेव्हिडिओला क्लबांची स्पर्धा होती. आमच्या क्लबाला जागा एकच. तिच्यासाठी अखेरीस दोघे उरले: डोन्या सुल्मा आणि निवृत्त नोटरी डॉन आडेमार बेंतांकुर. डॉन आडेमार यांची कन्या राजधानीत असते. चार वर्षांपूर्वी तिने ट्राँबोन नावाचा कर्णा वाजवणाऱ्या एका वादकाशी लग्न केले, तेव्हा "तुझ्या दारात मी पाऊल ठेवणार नाही," असे ते बोलून गेले. नोटरीला आपला शब्द फिरवण्यास सबळ कारण लागते. परंतु स्पर्धेस गेलेला पिता वाटेत सहज मुलीकडे डोकावला, तर तो वचनभंग ठरत नाही, असा अभिप्राय त्यांनी स्वतःच स्वतःस दिला होता. न पाहिलेल्या नातीसाठी बाहुलीही आणून ठेवली होती.

निर्णायक डावात त्यांना एक्का, एक्का, राजा, चौकी आली. त्यांनी पूर्ण पैज लावली. बाईंनी तेवढीच भरली. मध्यावर छक्की, सत्ती, अठ्ठी उघडली, तिन्ही निरनिराळ्या रंगांच्या. त्यांनी पुन्हा पूर्ण पैज लावली. बाईंनी चहाचा घोट घेत तेवढीच भरली. चौथा पत्ता दुर्री. पुन्हा पूर्ण.

डोन्या सुल्मांनी थर्मास टेबलावर ठेवला.

"अहो नोटरीसाहेब!" उपाहारगृहाचा चालक विल्सन ओरडला. "थर्मास बघा, थर्मास!"

"दिसतोय मला. हात भरून आला असेल बाईंचा. वय झालंय."

"वय तर झालंयच बाबा," डोन्या सुल्मा म्हणाल्या. "माझ्या सगळ्या सोंगट्या आत."

(एक्केधारकास सल्ला देणे हा आमच्याकडे अपराध आहे. विल्सनला रीतसर समज देण्यात आली.)

डॉन आडेमार यांनी विचार केला. त्यांचा विचार असा: जी बाई एरवी कधी पैज वाढवत नाही, तिने आज वाढवली, याचा अर्थ ती थकली आहे. त्यांनी उरलेल्या सर्व सोंगट्या सारल्या. पाचवा पत्ता उघडला, तो एक्का! ते दोन्ही बाहू उंचावून उभे राहिले. बाईंनी नव्वी आणि दश्शी खाली ठेवली. छक्कीपासून दश्शीपर्यंतची रांग त्यांच्यापाशी पहिले तीन पत्ते उघडले तेव्हापासूनच होती. तीन एक्के तिच्यापुढे हरतात.

गाऱ्हाणे सतरा मिनिटे चालले. डॉन आडेमार निर्दोष ठरले.

नंतर सोंगट्या आवरताना डोन्या सुल्मा हळूच म्हणाल्या, "आडेमार, मी जातेच आहे तिकडे. पोरीला काही निरोप द्यायचाय का?"

त्यांनी टेबलावरचे आपले दोन एक्के उचलून सरळ केले. मग म्हणाले, "सांगा तिला... दोन एक्के होते माझ्याकडे."

"अरे, रोज बस जाते की राजधानीला! तिकीट काढायला पत्ते कशाला लागतात?" विल्सन पुटपुटला. त्याला खेळातले काही कळत नाही, यावर क्लबाचे एकमत झाले.

वाचक महाशयांनाही डॉन आडेमार यांचे हसू आले असेल, तर आनंद आहे. आपल्या माणसाकडे जाण्यासाठी आपण कोणत्या निमित्ताची वाट पाहत आहात, तेवढे सवडीने कळवावे. घाई नाही, इतकी वर्षे आपणही केलेली नाही.